फऱ्यामागची वीतभर जागा

लोणावळ्याहून आंबवण्याच्या रस्त्याला लागले की वाघदरी येते. पावसाळ्यात तिथे कणसे भाजणाऱ्यांची आणि मोटारींची एवढी दाटी असते की, दरीच्या नावाकडे कुणाचे लक्ष जात नाही. खंडाळ्याला राजमाचीच्या दिशेने पाहिले तर वाघजाईची दरी दिसते. मावळात हिंडताना वाघजाई, वाघोबा ही दैवते वारंवार भेटतात. देव आहेत, दऱ्या आहेत, नावे आहेत. पट्टेरी वाघ मात्र इथून केव्हाच गेला. तो कसा गेला, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारला तर एकमुखी उत्तर येते : ‘शिकारीने.’ उत्तर पुरे नसले तरी चुकीचेही नाही. पण शिकार म्हणजे नेमके काय घडत होते? दोनशे किलोचा, चिडलेला प्राणी हातभर लांबीच्या नळीतून सुटलेल्या तोळा-दोन तोळे शिशाने मरतो कसा? आणि पुष्कळदा मरत नाही तो का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना इतिहास, भौतिकी आणि शरीरशास्त्र असे तीन तास एकत्र घ्यावे लागतात.

इतिहासापासून सुरुवात करू. १६३० च्या सुमारास पुणे परगणा उद्ध्वस्त झाला होता. पुढे दादोजी कोंडदेवांनी तो पुन्हा वसवला, तेव्हा ओस पडलेल्या गावांतून लांडग्यांचा सुळसुळाट झाला होता; मावळच्या लोकांना बक्षिसे देऊन त्यांनी लांडगे मारवले, असे जुनी साधने सांगतात. म्हणजे जनावर मारण्याबद्दल बक्षीस ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. इंग्रजांनी आणली ती कचेरीतली नोंदवही. विल्यम सायक्स नावाचा मुंबई सैन्यातला अधिकारी १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत होता. १८३१ मध्ये त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या लांडग्याचे ‘कॅनिस पॅलिपेस’ हे शास्त्रीय नाव त्याच यादीतले आहे. कोळसुंद्यालाही त्याने ‘डुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले होते. या यादीत तो सरकारी आकड्यांच्या आधारे लिहितो की, १८२५ ते १८२९ या काळात एकट्या खानदेशात १०३२ वाघ मारले गेले. पुणे, अहमदनगर, धारवाडकडे वाघ बरेच कमी होते, असेही तो नोंदवतो.

हजारावर वाघ! आणि तेही कोणत्या हत्याराने? इथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या मनातली शिकाऱ्याची बंदूक बहुधा सिनेमातली असते. १८२५ च्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी किंवा कागदाचा बोळा, मग गोळी, आणि सगळे गजाने ठासायचे. ठासणीची बंदूक हे नाव त्यावरूनच आले. सरावलेल्या माणसालाही एकदा भरायला अर्धा मिनिट लागे. दमट हवेत दारू पेटेलच असे नाही. गोळी म्हणजे शिशाचा साधा गोळा.

या गोळ्यावरून आलेला एक शब्द आजही आपण वापरतो. ‘बारा बोरची बंदूक’ म्हणतात ती कशी बारा? विद्यार्थ्यांना वाटते, नळीचा व्यास बारा काहीतरी असणार. तसे नाही. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम, शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. एका गोळीचे वजन ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरून आकारमान काढले तर ३.३३ घन सेंटिमीटर येते, आणि गोलाच्या सूत्राने व्यास १८.५ मिलिमीटर. प्रत्यक्ष बारा बोरच्या नळीचा व्यास एवढाच असतो. फळ्यावर करून पाहण्यासारखे हे गणित आहे. आकडा जितका लहान तितकी बंदूक मोठी हेही त्यातून लगेच उमगते. हत्तीसाठी चार बोरच्या बंदुका असत, त्यांची गोळी पाव पौंडाची!

एवढ्या मोठ्या गोळ्या कशासाठी? शिकाऱ्यांची समजूत अशी की, गोळीच्या ‘धक्क्याने’ जनावर कोसळले पाहिजे. शिकारकथांतून वाघ गोळी लागताच हवेत फेकला जातो, मागे कोलमडतो. ही समजूत तपासून पाहू. १८९८ मध्ये रिग्बी या कारखान्याने धूरविरहित दारूवर चालणारी ४५० नायट्रो एक्स्प्रेस ही जबरदस्त रायफल काढली. तिची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग : ०.०३१ गुणिले ६५५, म्हणजे साधारण २०. ही गोळी २०० किलोच्या वाघात घुसून आतच राहिली तर संवेगाच्या अक्षय्यतेनुसार वाघाला मिळणारा वेग २० भागिले २००, म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर! रांगणारे मूलसुद्धा याहून वेगाने जाते. नाहीतरी न्यूटनचा तिसरा नियम आहेच. जी गोळी वाघाला उडवून देईल तिचा तेवढाच धक्का आधी शिकाऱ्याच्या खांद्याला बसेल.

मग गोळीतली ऊर्जा जाते कुठे? याच गोळीची गतिज ऊर्जा काढली तर सुमारे ६७०० ज्यूल येते. सत्तर किलोच्या माणसाला तीन मजले चढून जायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. ती खर्ची पडते ती हाडे फोडण्यात, स्नायू आणि रक्तवाहिन्या फाडण्यात. म्हणजे गोळी जनावराला ढकलून मारत नाही. ती एक अरुंद, खोल जखम करते. त्या जखमेच्या वाटेवर काय आले यावर सगळे अवलंबून. मोठ्या जनावराच्या शिकारीत बंदुकीच्या आकारापेक्षा गोळीची जागा महत्त्वाची असते, हे शहाणपण शिकाऱ्यांना फार उशिरा, आणि फार किंमत देऊन आले. ती किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच मोजली, पण त्याकडे नंतर वळू.

घरातल्या मांजराला किंवा पाळीव कुत्र्याला उभे करा. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, छातीच्या खालच्या भागाला हलकेच बोटे लावा. धडधड लागते. माणसाचे हृदय आपण छातीच्या मध्यावर दाखवतो; चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत ते पुढच्या पायांच्या मधोमध, छातीच्या तळाशी असते. त्याच्या वर आणि मागे दोन्ही फुप्फुसे. फऱ्याचे हाड या साऱ्याच्या वरच्या भागावर ढालीसारखे पडलेले. म्हणून ‘फऱ्यामागे, खालच्या तिसऱ्या हिश्शात’ हा शिकाऱ्यांचा मंत्र झाला. वाघ बाजूने दिसत असेल तर ही जागा वीतभर रुंदीची असते. जरा मागे गेले की गोळी पोटात; आतडी फुटून जनावर दोन-तीन दिवस तडफडते आणि त्या अवधीत अतिशय धोकादायक असते. जरा खाली गेले की पायाचे हाड. जरा वर गेले, तर कण्याच्या वरच्या काट्यांना चाटून जाते. जनावर क्षणभर कोसळते, शिकारी मित्रांना हाका मारतो, आणि ‘मेलेला’ वाघ उठून चालू लागतो.

गोळी अगदी हृदयात बसली तरी काम तात्काळ होत नाही, ही गोष्ट पुष्कळांना खोटी वाटते. हृदय थांबले तरी मेंदूत आधी पोचलेला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो. वाघ थोडे अंतर ताशी पन्नास किलोमीटरने सहज धावतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. चाळीस मीटरवरचा वाघ तीन सेकंदांत अंगावर येतो आणि शास्त्रीयदृष्ट्या तो मेलेलाच असतो! ठासणीची बंदूक भरायला अर्धा मिनिट, हा आकडा आता पुन्हा आठवा. जनावर जागच्या जागी थांबवायचे तर मेंदू किंवा कण्यातला मज्जारज्जूच गाठावा लागतो, आणि त्या जागा तर फऱ्यामागच्या जागेहूनही लहान.

मचाणावरून नेम धरताना आणखी एक भूमितीचा घोटाळा होतो. समजा, मचाण पाच मीटर उंचीवर आहे आणि वाघ झाडापासून पाच मीटरवर आला. गोळी पंचेचाळीस अंशांनी खाली उतरणार. वाघाचे हृदय कातडीपासून आत पंधरा सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर आत जाता जाता गोळी तेवढीच खालीही जाईल. म्हणजे जमिनीवरून जिथे नेम धरला असता त्याच्या पंधरा सेंटिमीटर वर नेम हवा. जमिनीवरची सवय झालेला नवखा साहेब नेहमीच्याच ठिकाणी गोळी घाली आणि ती छातीखालून निघून जाई. काटकोन त्रिकोणाचा याहून जिवावरचा उपयोग पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

सह्याद्रीतला गवा हा या दृष्टीने सर्वांत फसवा. बैलाचे वशिंड आपल्या ओळखीचे. ते स्नायू आणि चरबीचे असते. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा तसा नाही. तिथे मणक्यांचे काटे लांबच लांब वाढलेले असतात आणि त्यांवर स्नायूंचे थर चढलेले. त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला शरीराचा ‘मध्य’ जिथे वाटतो तिथून गोळी फुप्फुसांच्या कडेने किंवा त्यांच्यावरून जाते. हृदय त्याच्या बरेच खाली असते. त्यातून साधे शिसे मऊ. गव्याच्या फऱ्यावर ते चपटे होई, म्हणून त्यात कथील किंवा पारा मिसळून गोळ्या कडक करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या एक्स्प्रेस रायफलींच्या हलक्या, पोकळ टोकाच्या गोळ्या तर हाडावर आपटून वरच्यावरच फुटत. हरणाला उत्तम, गव्याला कुचकामी.

जागेचे महत्त्व कोणी टोकाला नेऊन दाखवले असेल तर ते वॉल्टर बेल या स्कॉटिश हस्तिदंत-व्यापाऱ्याने. आफ्रिकेत त्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक ७ मिलिमीटरच्या, तोळाभरही न भरणाऱ्या गोळीने. तिची ऊर्जा सुमारे २७०० ज्यूल, म्हणजे नायट्रो एक्स्प्रेसच्या अडीच पट कमी. त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते. हत्तीचे भव्य कपाळ हे बरेचसे हवेच्या पोकळ्यांनी भरलेले, मधाच्या पोळ्यासारखे हाड असते. मेंदू खूप मागे आणि खाली, दोन्ही कानांच्या भोकांच्या मधे. शरीरशास्त्राचा अभ्यास म्हणून याला दाद द्यावी लागते. तो ज्यासाठी केला गेला त्याबद्दल मात्र आज पोटात कालवते.

आता त्या किमतीबद्दल. शिकारीच्या पुस्तकांत नेमाबद्दल पानेच्या पाने असतात, हाकाऱ्यांबद्दल एखादी ओळ. हाका घालताना गावातली माणसे, बहुधा हातात काठी आणि डबे-ढोल एवढेच घेऊन, रानातून पुढे सरकत. वाघ मचाणाकडे रेटला जाई. गोळी चुकीच्या जागी लागली तर जखमी वाघ मागे वळे, आणि मागे हीच माणसे असत. मावळात माग काढण्याचे काम ठाकर, कातकरी, महादेव कोळी करीत; खानदेशात भिल्ल. १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीचा आउटरम वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध झाला, तो याच माणसांच्या डोळ्यांवर आणि पायांवर. ओलसर मातीतले पाऊल किती जुने, रक्त फेसाळ आणि गुलाबी आहे की काळपट, हे ही माणसे वाचत. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे, कारण त्यात हवा मिसळलेली असते. काळपट आणि घाण मिसळलेले पोटातले. पहिले दिसले तर थोडे थांबून पुढे जायचे, दुसरे दिसले तर हाकाऱ्यांना झाडावर चढवायचे. हे उपयोजित शरीरशास्त्रच होते. ते छापले गेले साहेबांच्या नावावर.

चुकलेल्या गोळीचा हिशेब कुठवर जातो याचे सर्वांत भयंकर उदाहरण कुमाऊँचे आहे. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली. तिने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. मेल्यावर तिचे तोंड तपासले तेव्हा उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत तुटलेला आढळला. कॉर्बेटच्या मते ही जुनी बंदुकीची जखम होती, आणि तिच्यामुळेच नेहमीचे भक्ष्य मारणे वाघिणीला अशक्य झाले होते. कोणा अज्ञात शिकाऱ्याचा नेम वीतभर चुकला, एवढेच.

मावळात पुढे काय झाले? १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचे हौशी बंदूकवाले काही तासांत खंडाळ्याला पोचू लागले. पण माझ्या मते इथल्या वाघाचा शेवट केवळ त्यांच्या नेमबाजीने झाला नाही. रेल्वेला लाकूड लागले, वाढत्या शहराला कोळसा लागला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण, शिरवता ही धरणे झाली आणि दऱ्यांचे तळ पाण्याखाली गेले. रान तुटले, सांबर-भेकरे कमी झाली. उरलेला वाघ गुरांकडे वळला, आणि गुरांकडे वळलेल्या वाघाला बंदूक आणि विष दोन्ही होते. दरम्यान १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही होते. शिकारीतून आलेली कातडी, कवट्या, मोजमापे तिथे जमू लागली आणि मारणाऱ्यांपैकीच काहीजण हळूहळू मोजणारे, मग राखणारे झाले. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने वाघाची शिकार पूर्ण बंद झाली.

फऱ्यामागची जागा तरीही विस्मरणात गेली नाही, फक्त उलटी झाली. १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉकने भुलीचे औषध भरलेली सुई बंदुकीतून मारण्याची युक्ती विकसित केली. आज महाराष्ट्रात उसाच्या फडातून किंवा विहिरीतून बिबट्या बाहेर काढायचा असला की वनखात्याचे पशुवैद्य हीच बंदूक वापरतात. शिकारी जिथे नेम धरी ती छाती इथे सर्वस्वी वर्ज्य. सुई बरगड्यांतून आत गेली तर फुप्फुस फाटेल. पोट वर्ज्य, डोके वर्ज्य. हवा तो मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो आणि औषध लवकर भिनते. सुई चरबीत रुतली तर औषध रेंगाळते. हाडावर बसली तर हाड मोडते. म्हणून अंतर मोजून बंदुकीचा दाब कमी-जास्त करावा लागतो. आणि सगळे बरोबर झाले तरी औषध चढायला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे फार मोठी असतात. वाघाचे ते दहा-पंधरा सेकंद आठवा आणि त्यांना तीस-चाळीसने गुणा.

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी लोटली, गवा बिथरून भिंती-फाटकांना धडका देत गल्लीबोळांतून धावत राहिला. काही तासांनी भुलीची सुई मारून, जाळी टाकून त्याला पकडले. थोड्याच वेळात तो मेला. सुईची जागा चुकली म्हणून असे होत नाही. जिवाच्या आकांताने तास न् तास धावलेल्या प्राण्याचे स्नायू तापतात, त्यांत लॅक्टिक आम्ल साठते, स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली प्रथिने आणि पोटॅशियम रक्तात उतरतात. हृदय आणि मूत्रपिंडे ते सोसू शकत नाहीत. त्यावर भूल चढली की उरलेसुरले नियंत्रणही जाते. रवंथ करणाऱ्या प्राण्याला आडवे पाडले की पोटातला वायू फुप्फुसांवर दाबतो, ते वेगळेच. अशा प्रसंगी पहिली जागा ठरवायची असते ती माणसांनी कुठे उभे राहायचे याची, सुईची नव्हे.

पुढच्या दोन आठवड्यांच्या आतच, २२ डिसेंबरला, बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला. या वेळी वनखात्याने आणि पोलिसांनी आधी लोकांना मागे हटवले आणि वाट मोकळी ठेवली. गवा बराच वेळ झाडीत थांबला आणि मग आपल्या पायांनी रानाकडे निघून गेला.